शरदातले पाणी : पब्बरपासून ओखल्यापर्यंत

भाद्रपद सरत आला की दिल्लीच्या आकाशाचा रंग पालटतो. दोन-अडीच महिने डोक्यावर लोंबणारे गढूळ ढग विरळ होतात, पहाटेच्या वाऱ्यात किंचित गारवा येतो, आणि यमुनेच्या वाळवंटात काशाचे पांढरे तुरे डोलू लागतात. वर्षातील इतर महिन्यांत जिच्याकडे पाहावेसे वाटत नाही, अशी दिल्लीची ही नदी या थोड्या दिवसांत खरोखरीची नदी दिसते. तिला पात्र भरून पाणी असते आणि त्या पाण्याला ओढ असते. जुन्या लोखंडी पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. २०५.३३ मीटर ही तेथील धोक्याची रेषा होय. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी २०७.४९ मीटरपर्यंत चढले होते आणि पंचेचाळीस वर्षे तोच उच्चांक मानला जात होता. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेने तो मोडून २०८.६६ मीटरची नोंद केली. पूर ओसरला की वर्तमानपत्रांतून हे आकडे दिसेनासे होतात आणि दिल्लीकर नदीला पुढील आषाढापर्यंत विसरून जातात.

परंतु पाणी ओसरू लागण्याच्या याच दिवसांची, दिल्लीच्या उत्तरेस साडेचारशे किलोमीटरवर, काही माणसे वर्षभर वाट पाहत असतात. ती गळ टाकणारी माणसे होत. आणि त्यांचा मासा म्हणजे ट्राउट. या माशाला दिल्लीचे पाणी सोसणे शक्य नाही. दहा ते सोळा अंश सेल्सियसच्या पाण्यात तो सुखाने राहतो, वीस अंशांवर कासावीस होतो आणि पंचवीस अंशांच्या पुढे त्याचा निभाव लागत नाही. तरीही ट्राउटचा आणि दिल्लीच्या गृहस्थाचा संबंध समजतो त्याहून जवळचा आहे. हिमाचल प्रदेशात पब्बर नावाची नदी आहे. ती त्यूणीजवळ टोन्स नदीला मिळते. टोन्स कालसीच्या परिसरात यमुनेला मिळते. आणि त्या संगमावर टोन्सचे पाणी यमुनेच्या स्वतःच्या पाण्याहून अधिक असते. पुढे हथनीकुंडच्या बंधाऱ्यावरून हेच पाणी कालव्याने आणि काही अंशी नदीच्या पात्राने दिल्लीस येते. हैदरपूर, वजीराबाद, चंद्रावळ येथील जलशुद्धीकरण केंद्रांतून ते घरोघरच्या नळाला पोहोचते. करोल बागेतील एखाद्या मराठी घरात सकाळी चहासाठी जे आधण ठेवले जाते, त्यात पब्बरचे चार थेंब असण्याचा संभव पुष्कळ आहे.

पब्बरचा उगम चांशल पर्वताच्या बाजूला, चंद्रनाहन या उंचावरील सरोवराच्या परिसरात होतो. तेथून ती चिडगाव, रोहडू, हाटकोटी अशी गावे घेत खाली उतरते. सिमल्याहून रोहडू सुमारे ११५ किलोमीटर. वाट देवदारांतून, आणि त्याहून अधिक सफरचंदाच्या बागांतून जाते. शरदाच्या आरंभी या रस्त्यावर सफरचंदाच्या पेट्यांनी भरलेल्या मालमोटारींची रीघ असते, म्हणून प्रवासाला वेळ थोडा अधिक धरावा. खोऱ्याच्या सखल भागात भाताची खाचरे आहेत. ती पिवळी पडू लागली, उतारावरचे गवत हिवाळ्याच्या बेगमीसाठी कापले जाऊ लागले, की नदीही निवळू लागली असे समजावे.

हे निवळणे कसे घडते, ते पाहण्याजोगे आहे. वैशाख-ज्येष्ठात बर्फ वितळते आणि नदी फोफावते. तिचे पाणी तेव्हा थंड खरे, पण फेसाळ नि गढूळ. त्यापाठोपाठ पाऊस येतो. डोंगराच्या कडा ढासळतात, ओढे लाल-काळी माती घेऊन उतरतात आणि पाण्यात बोटभर खोलीवरचेही दिसत नाही. ट्राउट डोळ्याने शिकार करणारा मासा आहे. ज्या पाण्यात त्याला दिसत नाही, त्या पाण्यात गळ टाकण्यात अर्थ नसतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर पावसाचा जोर संपतो. त्याच सुमारास वरच्या पहाडांवर रात्री गोठू लागतात, म्हणून बर्फाचे पाणीही आटते. दोन्हीकडून पुरवठा कमी झाला की नदी आपल्या पात्रात खाली बसते. मग डोह हिरवे दिसतात, उथळ जागी तळाचे गोटे मोजता येतात आणि मोठ्या शिळांच्या मागे पाण्याच्या शांत जागा तयार होतात. मार्च-एप्रिलमधील काही आठवडे सोडले तर असे पाणी वर्षात पुन्हा मिळत नाही.

थंड पाण्याचा आणखी एक गुण डोळ्यांना दिसत नाही. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो, आणि पाणी जितके थंड तितका हा वायू त्यात अधिक मावतो. समुद्रसपाटीच्या दाबाला दहा अंशांच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, वीस अंशांना सुमारे ९.१ आणि तीस अंशांना अवघा ७.६. उंचावर हवेचा दाब कमी म्हणून हे आकडे थोडे उतरतात. परंतु खळाळता ओढा शिळांवरून आपटत, हवा मिसळून घेत धावतो आणि आपला वाटा पुरा करतो. ट्राउटला लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू चालत नाही. त्यामुळे ज्या पाण्यात हा मासा धष्टपुष्ट आहे, त्या पाण्याची वेगळी परीक्षा करावी लागत नाही. आपल्या आजीने दूध नासले की नाही हे वासावरून ओळखावे, तसा हा हिशेब आहे.

आता गळाविषयी. आपल्याकडे गळ म्हटला की आकड्याला गांडूळ किंवा पिठाची गोळी, वर एक तरंगणारे बोंड, आणि काठावर धीर धरून बसलेला मनुष्य असे चित्र डोळ्यांपुढे येते. ट्राउटचा गळ त्याहून निराळा. त्याला आमिष म्हणून खरे भक्ष्य लावीत नाहीत. लहानशा आकड्यावर रेशमी दोरा, कोंबड्याच्या मानेचे पीस, सशाची लव असे गुंडाळून एक खोटी माशी बांधतात. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकली तर हातभरही जाणार नाही. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. आठ-नऊ फुटांची लवचिक काठी मागे-पुढे डोलवून ती जाड दोरी हवेत उलगडतात, आणि दोरीच्या टोकाला बांधलेल्या बारीक पारदर्शक तंतूबरोबर माशी पाण्यावर अलगद उतरते. चांगला गळ टाकणारा मनुष्य पाहिला तर ते श्रम वाटतच नाहीत. अननुभवी मनुष्याची माशी मात्र प्रथम स्वतःच्या टोपीत अडकते, नंतर मागच्या झाडात.

ही कला साहेबाने शोधली असा समज आहे. तो खरा नाही. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील एका नदीवर कोळी लोक आकड्याला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे. खोट्या माशीचे नसले तरी गळाचे शास्त्र आपल्याकडेही जुनेच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९-३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींमध्ये त्यात 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना कोणते खाद्य घालून एका जागी जमवावे, काठी कसली असावी, दोरी कशाची वळावी, गळाला लागलेला मासा कसा खेळवावा, हे सारे त्यात येते. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला आणि दख्खनच्या नद्यांतील मासे त्यात बारकाईने वर्णिलेले आहेत, हे विद्वानांच्या नजरेस आणले. मराठी भाषेचे काही जुने अवशेषही याच ग्रंथात सापडतात, म्हणून आपल्या वाचकांस त्याचे नाव अपरिचित नसेल.

खोटी माशी बांधायची तर खरी माशी माहीत हवी. या छंदाचे सारे मर्म येथे आहे, असे मला वाटते. पब्बरच्या उथळ पाण्यातला मुठीएवढा गोटा हळूच उचलून उलटा करावा. त्याच्या पोटाला चिकटलेले जीव प्रथम दिसत नाहीत, मग एकदम दिसू लागतात. चपट्या अंगाचे, मागे बारीक शेपट्या असलेले, गोट्यावरून सरसर सरकणारे ते मेफ्लायचे बाल्यरूप. हा कीटक पाण्याखाली महिनोन्महिने वाढतो आणि पंख फुटल्यावर एखाददुसरा दिवसच जगतो. त्या अवस्थेत त्याला खाण्यासाठी तोंडदेखील नसते. वाळूचे कण आणि काडीकचरा रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळकांडे बांधणारा तो कॅडिस. दोन शेपट्यांचा, थोडा थोराड, अत्यंत थंड नि स्वच्छ पाण्यावाचून न जगणारा तो स्टोनफ्लाय. ट्राउटचे अन्न मुख्यतः हेच. गळ टाकणाऱ्याच्या डबीत बांधून ठेवलेल्या माश्या या जिवांच्या प्रतिमा असतात. म्हणून एखाद्याची डबी उघडून पाहिली की तो कोणत्या पाण्यावर जातो, ते पाणी कसे आहे, हे जाणत्याला कळते.

शरदाच्या आरंभी या डबीतली निवड बदलते. पाणी निवळलेले असल्यामुळे मासा अधिक सावध असतो. म्हणून माशी लहान आणि तंतू बारीक हवा. उतारावर गवत कापले जात असते, त्यातून उडालेले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात. या दिवसांत नाकतोड्याची प्रतिमा फार चालते. उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळ उत्तम, पण शरदात तसे नाही. रात्रीने गारठलेले पाणी ऊन चढेपर्यंत आळसावलेले असते. दहा-अकराच्या पुढे तळातले कीटक वर येऊ लागतात आणि मासाही वर येतो. दुपारी तीनपर्यंतचा काळ खरा कामाचा. ऊन तिरपे असल्याने माणसाची सावली लांब पडते. ती पाण्यावर पडली की त्या डोहात पुढचा अर्धा तास काही घडत नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जावे आणि माशी त्याच्या पुढे वरच्या बाजूला टाकावी. तपकिरी ट्राउटची वीण नोव्हेंबर-डिसेंबरात होते. त्याआधी अंगात बळ साठवण्यासाठी तो या दिवसांत हावऱ्यासारखा खातो. नराच्या पोटाला पिवळी झळाळी येते आणि अंगावरचे तांबडे ठिपके उठून दिसतात.

हा मासा मूळचा येथला नव्हे. १९०० साली स्कॉटलंडहून तपकिरी ट्राउटची अंडी काश्मिरात आणून उबविण्यात फ्रँक मिचेल या गृहस्थाला यश आले. आदल्या वर्षीची खेप वाटेतच नासली होती. काश्मीरहून बीज १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात आले आणि तेथून हिमाचलच्या इतर थंड नद्यांत पसरले. पुढे इंद्रधनुषी ट्राउट आला, १९८० च्या दशकाअखेरीस नॉर्वेच्या सहकार्याने कुलूजवळ पतलीकुहल येथे त्याच्या पैदाशीचे काम वाढले, आणि आज हिमाचलातील अनेक शेतकरी सिमेंटच्या वाहत्या टाक्यांतून हा मासा पोसतात. पब्बरवर चिडगावच्या बाजूला धमवाडी येथे सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. या साऱ्याचे कौतुक करताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. या नद्यांचा खरा धनी असेला हा साधा, चंदेरी-करडा, शिळांवरचे शेवाळ खाणारा मासा. तपकिरी ट्राउट त्याची पिले खातो. गोऱ्या साहेबाने आपल्या घरची आठवण म्हणून जो पाहुणा आणला, त्याने घरच्या माणसाला ओसरीवर बसविले. ट्राउटची छायाचित्रे पर्यटनाच्या पत्रकांवर झळकतात. असेल्याला तेवढे भाग्य नाही.

पब्बरवर आता आणखीही पाहुणे आहेत. रोहडूच्या खाली १११ मेगावॉटचा सावडा-कुड्डू जलविद्युत प्रकल्प २०२१ पासून चालू झाला आहे. वीज हवी, याविषयी वाद नाही. परंतु अशा प्रकल्पात नदीचे पाणी बंधाऱ्यापासून बोगद्यात शिरते आणि कित्येक किलोमीटर खाली पुन्हा पात्रात येते. मधल्या पात्राला पाणी किती सोडावे, हा प्रश्न शरदापासूनच सुरू होतो, कारण पाणी कमी होण्यास तेव्हाच आरंभ होतो. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की बंधाऱ्याखालच्या पात्रात पाणी अचानक वाढू शकते. सूचनेच्या पाट्या वाचाव्या, भोंगा ऐकताच काठावर यावे आणि पात्राच्या मधल्या खडकावर जेवणाचे डबे मांडू नयेत.

त्यूणीच्या पुढे टोन्सचे पाणी हळूहळू ऊबदार होते आणि ट्राउटची हद्द संपते. तेथून महसीरचे राज्य. सोनेरी खवल्यांचा हा मोठा मासा पावसाळ्यात विणीसाठी वरच्या ओढ्यांकडे चढतो, आणि शरदात पाणी उतरू लागताच पुन्हा मोठ्या नदीकडे परततो. टोन्स आणि यमुना यांचा संगम, किंवा एखादा निवळ ओढा गढूळ नदीला मिळतो ती जागा, या दिवसांत त्याची चौकी असते. महसीर आपल्या महाराष्ट्राला परका नाही. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय नाव 'खुद्री'. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून या माशाचे वर्णन केले आणि स्थानिक नावच शास्त्रात नेऊन बसविले. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात हे मासे देवीचे म्हणून आजही कोणी मारीत नाही, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्यांची पैदास करून पिले नद्यांतून सोडली आहेत. हिमालयातील सोनेरी महसीर मात्र आज संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला वर चढण्यास मोकळी वाट लागते आणि ती वाट बंधाऱ्यांनी अडविली आहे.

सर्वांत मोठी अडवणूक हथनीकुंडला होते. येथे नदी डोंगरातून मैदानात उतरते आणि येथेच तिचे पाणी पश्चिमेच्या नि पूर्वेच्या कालव्यांत वाटले जाते. एकोणिसाव्या शतकातील ताजेवाला बंधाऱ्याची जागा हथनीकुंडने घेतली. पाण्याच्या वाटपाचा करार पाच राज्यांनी १२ मे १९९४ रोजी केला. पावसाळ्यात दरवाजे उघडे असतात. शरद उतरू लागला की कालव्यांचा वाटा मोठा आणि नदीचा लहान होत जातो; कोरड्या महिन्यांत नदीसाठी सेकंदाला दहा घनमीटर एवढेच पाणी राखलेले आहे. कालव्याने शेते पिकतात, दिल्लीला पिण्याचे पाणी मिळते. ते बंद करा असे कोणी म्हणणार नाही. पण ऑक्टोबरनंतर दिल्लीच्या पात्रात जे वाहते, त्यात हिमालयाचे पाणी फारसे नसते.

यमुनेचे शरदातले पाणी किती उतरले, याचा अंदाज एकदा मराठ्यांना फार महाग पडला. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या फौजेने कुंजपुरा घेतला तेव्हा अब्दाली नदीच्या पूर्व तीरावर अडकलेला होता, आणि यमुना चढलेली असल्याने तो इतक्यात अलीकडे येत नाही असा भरवसा होता. त्याने बागपतजवळ उतार शोधला आणि त्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सैन्य पार केले. त्यानंतर मराठी फौजेची दिल्लीशी वाट तुटली. बागपत आज राजधानी परिसराचाच एक जिल्हा आहे. तेथील पुलावरून मोटारीने जाताना खाली पाहिले, तर शरदात नदी किती फसवी असते हे ध्यानी येते : वर शांत पाणी, आणि कोठे छातीभर तर कोठे घोटाभर.

पल्ला गावापाशी यमुना दिल्लीत प्रवेश करते. येथवर ती पुष्कळ बरी असते. वजीराबादच्या बंधाऱ्यापर्यंत रोहू, कटला, शिंगाळ्यासारखे मासे तिच्यात आढळतात आणि कोळी जाळी टाकतात. वजीराबादला पाणी पिण्यासाठी उचलले जाते, आणि बंधाऱ्याच्या खालच्या बाजूस थोड्याच अंतरावर नजफगडचा नाला नदीत येऊन मिळतो. हा नाला म्हणजे एके काळची साहिबी नदी. वजीराबादपासून ओखल्यापर्यंतचे अंतर अवघे बावीस किलोमीटर, म्हणजे यमुनेच्या १३७६ किलोमीटर लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. परंतु नदीतील एकंदर घाणीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग येथेच तिच्या पदरी पडतो, असे सरकारी अहवालांतून वारंवार सांगितले गेले आहे. सांडपाण्यातील कुजणारे पदार्थ पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. स्नानाच्या पाण्यात लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा दंडक आहे. कोरड्या महिन्यांत या पट्ट्यात तो कित्येकदा शून्यावर येतो. १९९३ मध्ये जपानच्या साहाय्याने यमुना कृती योजना सुरू झाली, शुद्धीकरणाची केंद्रे उभारली गेली, त्यांची क्षमता वाढली. पण शहर त्याहून वेगाने वाढले, आणि ज्या वस्त्यांना गटारेच नाहीत त्यांचे पाणी नाल्यावाटे तसेच येत राहिले.

या पाण्याच्या तळातही एक कीटक राहतो. चावणाऱ्या डासाचा चुलत भाऊ म्हणावा अशा एका बारीक माशीची ती अळी. तिचा रंग रक्तासारखा लाल असतो, कारण आपल्या रक्तात असते तसले हिमोग्लोबिन तिच्या अंगात असते आणि त्याच्या बळावर ती जेमतेम प्राणवायूत तग धरते. वरच्या पब्बरच्या गोट्यावर मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय. दिल्लीच्या चिखलात ही एकटी लाल अळी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे शास्त्रज्ञ नदीची प्रकृती पाहताना पाण्याच्या रासायनिक परीक्षेबरोबर तळातले हे जीवही मोजतात. गळ टाकणाऱ्या माणसाला ही विद्या फार पूर्वीपासून अवगत होती, इतकेच. त्याने दिल्लीच्या पट्ट्यासाठी डबी भरावयाची म्हटली, तर त्याला लाल दोऱ्याची एकच माशी बांधावी लागेल. आणि ती खाणारा मासाही बहुधा हवेतला श्वास घेऊन जगणारा मांगूरच असेल.

ओखल्याचा बंधारा १८७४ मध्ये आग्रा कालव्यासाठी बांधला गेला. इंग्रजी अमदानीत त्याच्या खालच्या फेसाळत्या पाण्यात महसीरसाठी गळ टाकीत. स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे ओखला हे दिल्लीकरांचे सहलीचे ठिकाण होते. रविवारी डबे घेऊन कुटुंबे तेथे येत. आज ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे वेगळाच फेस दिसतो. नाल्यातून आलेले साबणाचे नि डिटर्जंटचे अंश बंधाऱ्यावरून पाणी पडताना घुसळले जातात आणि कालिंदी कुंजच्या बाजूला पात्र पांढरे होऊन जाते. छठपूजेच्या स्त्रिया त्यात कमरेइतक्या उभ्या असल्याची छायाचित्रे दरवर्षी येतात. नवल असे की याच जागी १९९० पासून पक्षी अभयारण्य आहे आणि थंडीची चाहूल लागताच उत्तरेची बदके तेथे उतरतात. बदकांना पाण्याचा प्राणवायू लागत नाही.

दिल्लीतच, जुन्या यमुनेच्या काठी फिरोजशहा कोटला आहे. त्याच्या माथ्यावर उभा असलेला अशोकाचा स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने आजच्या यमुनानगर जिल्ह्यातील टोपरा गावाहून नदीवाटे नावांवर घालून आणला, म्हणजे तोही याच पाण्यावरून आला. त्यावरील ब्राह्मी लेख १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडले. पाचव्या लेखात राजाने अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे, आणि पुढे तिन्ही चातुर्मासी पौर्णिमांना, तिष्य नक्षत्राच्या पौर्णिमेला, त्यांच्या आगेमागच्या तिथींना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत नि विकूही नयेत, असे बजावले आहे. बावीसशे वर्षांहून जुना असा हा मासेमारीबंदीचा हुकूम शहराच्या मध्यभागी उभा आहे. शेजारच्या क्रिकेटच्या मैदानावर जाणाऱ्या हजारोंपैकी फार थोडे तो पाहायला वळतात. सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यास मनाई करणारा आपला मत्स्यविषयक कायदा १८९७ चा आहे. पहाडातल्या ओढ्यांतून ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचे प्रकार अजूनही ऐकू येतात, तेव्हा दोन्ही हुकूम थोडेफार कागदावर नि दगडावरच राहिले म्हणावयाचे.

दसऱ्याच्या सुटीत ज्यांना पब्बरकडे जावयाचे असेल त्यांनी सिमल्याला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी रोहडू गाठावे. गळ टाकण्यासाठी हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या आतला मासा सोडून द्यावा, हे त्याबरोबर सांगितले जाते आणि ते पाळावे. सोडावयाचा मासा कोरड्या हाताने धरू नये. हात आधी पाण्यात बुडवावा, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि तो पुढे रोगाने मरतो. ज्यांना मासे मारणे रुचत नाही अशा घरांनी, आणि आपल्या मराठी घरांत ती पुष्कळ आहेत, नुसती चहाची मोठी गाळणी आणि एक पांढरी थाळी बरोबर न्यावी. ओढ्यातला गोटा थाळीत धुवावा आणि त्यात काय काय हालते ते मुलांकडून मोजवून घ्यावे. गोटा पुन्हा होता तसा, होता तेथे ठेवावा. त्याच्या पोटाशी अंडी असतात. पुढे एखाद्या रविवारी पल्ल्याला जाऊन तीच गाळणी काठच्या उथळ वाळूतून फिरवून पाहावी. वजीराबादच्या खाली मात्र मुलांना पाण्यात उतरवू नये.

पब्बरवर ट्राउटचा हंगाम ३१ ऑक्टोबरला संपतो. त्यानंतर तपकिरी ट्राउटची मादी उथळ पाण्यातल्या बारीक खडीत शेपटीने खळगा करून त्यात अंडी घालते, आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत नदीवर गळ टाकण्यास बंदी असते.